सहा दुव्यांचा झोका

पावसाळ्यात आकाशपाळणे झोपतात. शिवाजी पेठेतून रंकाळा तलावाकडे उतरताना दिलदारचाचांची पत्र्याची शेड लागते, तिथं ते झोपलेले मी रोज बघते. बसायच्या लाल-पिवळ्या पेट्या एकावर एक रचलेल्या असतात. गोल फिरणारे लाकडी घोडे भिंतीकडे तोंड करून उभे असतात. जत्रांचा हंगाम संपला की निपाणीकडचे चन्नाप्पा, म्हणजे या सगळ्याचे मालक, ट्रक भरून आणतात आणि चाचांच्या हवाली करून जातात. मग पावसाळाभर चाचा कुणाची बेअरिंग बदलतात, कुणाच्या डोळ्यांना नवा रंग लावतात. दसऱ्याच्या सुमाराला ट्रक पुन्हा येतो आणि घोडे जागे होतात.

शेडच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहते. शिरोलीच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करते. सकाळची पाळी असली की दुपारी घरी येते आणि जिना चढण्याआधी घोड्यांच्या पाठीवर हात फिरवते.

चाचांचं पूर्ण नाव दिलदार शिकलगार. घरचा धंदा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा. लहानपणी बापाबरोबर धारेचं चाक घेऊन ते कोडोलीच्या बाजूला एका जत्रेला गेले. तिथं त्यांनी आकाशपाळणा पहिल्यांदा पाहिला. "तवापासनं मी खाली उतारलोच न्हाय," असं ते सांगतात. आधी पाळण्याला धक्का द्यायचं काम मिळालं, मग तेल घालायचं, मग दुरुस्तीचं. जन्मभर लोकांना वर-खाली केलं, असा त्यांचा हिशोब आहे. "मोठा पैलवान असू दे न्हायतर सरपंच. वरनं खाली येताना समद्यांच्या तोंडात आईच येती. मी ऐकलंय."

मी इथं राहायला आले तेव्हा मलिकाचाची होत्या. शेडला लागून दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत आढ्याच्या कडीला पाळणा टांगलेला. पाळण्यात त्यांची नात मेहक. दोरीचं एक टोक पाळण्याला आणि दुसरं चाचींच्या डाव्या हातात असायचं. उजव्या हातानं सुपातले तांदूळ निवडणं चालू. मी जिन्यावरून खाली बघायची. तो पाळणा बघता बघता माझेच डोळे जड व्हायचे आणि कारखान्यातला दिवसभराचा आवाज कानातून उतरून जायचा.

गेल्या थंडीत चाची गेल्या. मेहक आई-वडिलांबरोबर हातकणंगल्याला राहायला गेली होतीच. पाळणा काढून ठेवला, कडी राहिली.

आषाढातल्या एका दुपारी चाचा जिना चढून वर आले. हातात मोबाईल होता.

"हे बघ," म्हणाले.

छोटासा व्हिडिओ होता. चाचांच्या मुलीनं, तहरीमनं, मेहकचा पाळणा हलताना काढलेला. चाची त्यात नव्हत्या. कडेला फक्त मनगट दिसत होतं, हिरव्या बांगड्या आणि दोरी.

"ह्यात मलिकाचा हात हाय," चाचा म्हणाले. "त्यो मला मशीनवर पायजे."

"म्हणजे?"

"तहरीमला दुसरं हुणाराय. मेहक मलिकाच्या झोक्यावर वाढली. ह्याला कोण झोका देणार? मोटर लावून पाळणा हालवायचं मला बी येतंय, उद्या करतो. पण त्यो आकाशपाळणा झाला. मला हिचा झोका पायजे. न्हायतर एका लेकराला आजी ठावं आणि दुसऱ्याला नुसता फोटू. असं बरं दिसतंय व्हय?"

मला एकदम उत्साह आला. गाडीच्या काचेवरचा वायपर असाच चालतो. मोटर गोल फिरते आणि पट्टी मात्र मागे-पुढे झुलते. पट्ट्यांची लांबी बदलली की झुलण्याची चाल बदलते. डिप्लोमाला असताना हे आम्ही एक्सेलमध्ये करायचो.

"होईल चाचा," मी म्हणाले. "चार दुवे लागतील."

चाचांनी बोटांवर मोजलं. "चार? बरं. बघतो," म्हणाले आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ते शेडच्या दारात वाट बघत उभे.

"तीन मिळाल्या," म्हणाले.

"काय मिळाल्या?"

"दुवा. चार लागतील म्हणालीस न्हवं? पयली मेहकची घेतली. फोनवर तिला कळंना दुवा म्हंजे काय, तर तिनं नुसतं फू केलं. चालतंय. दुसरी कोपऱ्यावरच्या अंबूबाईची." अंबूबाई कोथिंबीर विकते, चाचींची जुनी मैत्रीण. "ती म्हणाली, मलिकासाठी व्हय? मग एक कशाला, जुडीच घे की. आणि तिसरी चन्नाप्पाची. त्यो म्हणतोय, दुवा आमच्यात नसत्यात ओ, आशीर्वाद घ्या, चालतोय काय बघा. चालतोय न्हवं?"

मी जिन्याच्या पायरीवरच बसले. पुस्तकात एकमेकांना खिळीनं जोडलेल्या पट्टीला दुवा म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. चाचा इतके हसले की दारावरच्या ताडपत्रीत साचलेलं पाणी हलल्यासारखं वाटलं.

"आरं तिच्या! म्हंजे पट्टी! आणि मी रातभर इचार करतोय चौथी कुणाची घ्यावी."

"पट्ट्या तर तीनच कापायच्या आहेत," मी म्हणाले. "चौथा दुवा म्हणजे सांगाडा. तो हलत नाही."

"जो हालत न्हाय त्यो बी दुवा?"

"तोच पहिला धरतात. तो जागेवर राहतो म्हणून बाकीच्यांना हलता येतं."

चाचांनी आत खोलीत आढ्याच्या कडीकडे पाहिलं. "मग ठरलं," म्हणाले. "त्यो मलिकाचा."

त्या दिवसापासून शेडमध्ये दुवा हा शब्द आम्ही दोन्ही अर्थांनी एकाच वेळी वापरायला लागलो.

आकाशपाळण्याची एक पेटी पालथी घालून तिच्यावर लॅपटॉप ठेवला. व्हिडिओ थोडा पुढे न्यायचा, थांबवायचा, कंपासपेटीतला कोनमापक पडद्यावर टेकवायचा आणि पाळणा किती कलला ते वाचायचं. चाचा चष्मा पुसून वाचायचे, मी टाइप करायची. बाहेर रिमझिम, आत घोडे भिंतीकडे तोंड करून ऐकत असलेले. एका जागी तोच आकडा लागोपाठ तीनदा आला. पुढच्या झोक्यालाही तसंच.

"मोबाईल अडाकलाय," चाचा म्हणाले. "ह्यो मोबाईल असाच हाय. काढ त्या वळी."

मलाही ते पटलं. ओळी काढल्या. आलेख छान गुळगुळीत झाला, उशीवर डोकं टेकल्यावर पडते तशा खळीसारखा.

मग दुसरं पान. पहिल्या रकान्यात मोटरचा कोन, पुढच्या रकान्यांत पट्ट्यांच्या लांबीवरून त्रिकोण सोडवत काढलेला पाळण्याचा कोन. सूत्र एकाच ओळीत लिहायचं आणि चौकोनाचा कोपरा धरून खाली ओढायचं. एका ओढीत मोटरचा अख्खा फेरा कागदावर येतो. चाचांना हे फार आवडलं.

"मलिका बी एकाच हातानं वडायची," म्हणाले. "दुसऱ्या हातानं तांदूळ."

पट्ट्यांची लांबी मनाला येईल तशी घेऊन चालत नाही. सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब पट्टी मिळून बाकीच्या दोघींपेक्षा मोठी झाली, तर मोटरला पूर्ण फेरा घेता येत नाही. एक्सेलमध्ये त्या ओळींत आकडा येत नाही, नुसती चूक दाखवणारी खूण येते. दुवे एकमेकांपर्यंत पोचलेच नाहीत, असा तिचा अर्थ. चाचांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचण्यांनी जोडून पाहिल्या, तिथंच अडकल्या. "थोरला आणि धाकटा एक झालं की घर अडाकतंय," म्हणाले. "आमच्या भावकीत बी ह्योच लोचा."

एकदा मी कामावर असताना लॅपटॉप खालीच राहिला. परत आले तर चाचा गंभीर.

"पोरी, पाळण्यात भूत शिरलंय."

पडद्यावर आलेख वेडावाकडा उड्या मारत होता. चाचांनी माझं बघून स्वतः सूत्र लिहिलं होतं. पण कोन तसाच अंशांत दिला होता, आणि एक्सेलला अंश कळत नाहीत, त्याचं माप वेगळं. अंशांचं त्याच्या मापात रूपांतर करायचा शब्द आधी लिहावा लागतो.

"ह्यात लेकरू ठेवलं तर थेट पंचगंगेत," चाचा आलेखाकडे बघत म्हणाले. मग सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे त्याची भाषा वायली हाय. मग त्याला सांगायचं की, पावणं, हे अंश हायत, जरा समजून घ्या."

"तेच तर सांगायचं असतं, चाचा."

"मग त्यात काय. आपल्या घरात तीन भाषा चालत्यात."

श्रावण लागला तशी तहरीम बाळंतपणाला माहेरी आली. पाठोपाठ मशीन उभं राहिलं. भंगारातल्या जीपची वायपर मोटर, तीन पट्ट्या, आणि कडीखाली घट्ट बसवलेला सांगाडा. चाचांनी मोटरचा पट्टा मुद्दाम सैल ठेवला होता. पाळण्याला कुणी नुसता हात लावला तरी पट्टा घसरायचा आणि पाळणा थांबायचा. बाळाच्या वजनाएवढी गव्हाची पिशवी आत ठेवली. चाचांनी बटण दाबलं.

पाळणा हलला. अगदी आलेखातल्यासारखा. खळीतून वर, वरून खळीत. मी आनंदानं चाचांकडे पाहिलं, चाचा तहरीमकडे बघत होते. ती खुर्चीत पोटावर हात ठेवून बसली होती. बराच वेळ बघत राहिली.

"छान झालाय, अब्बा."

"पण?"

"पण काय न्हाय."

"सांग की गं."

"अम्मीचा न्हाय ह्यो."

चाचांनी बटण बंद केलं. पिशवी दोन-तीनदा हलून स्तब्ध झाली.

"काय कमी हाय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मला सांगता येत न्हाय. ह्यो थांबतच न्हाय." तहरीम उठली. पट्टी सोडवून तिनं पाळण्याची दोरी हातात घेतली. पाळणा आपल्याकडे ओढला आणि ओढलेला तसाच धरून ठेवला. मान वाकवून आत गव्हाच्या पिशवीकडे पाहिलं. मग सोडला. पुन्हा ओढला, धरला, पाहिलं, सोडला.

"अम्मी असं करायची. दर खेपेला बघायची. आणि मला इचारायची, सो गई क्या? मी पलंगावरनं म्हणायची, सो गई. तरी परत वडून बघायचीच. माझ्यावर कवा इस्वास न्हवता तिचा." ती हसली आणि मग तिनं दोरी सोडून दिली.

मी लॅपटॉप उघडला. पहिली प्रत तशीच ठेवलेली होती. तोच आकडा लागोपाठ तीनदा. पुढच्या झोक्याला पुन्हा तीनदा. प्रत्येक वेळी एकाच जागी, पाळणा दोरीच्या बाजूला पूर्ण आलेला असताना. चाचा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"बघत हुती ती," म्हणाले. "आणि मी म्हटलं, मोबाईल अडाकलाय."

त्या दिवशी चाचा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी उतरले तेव्हा एका घोड्याच्या पाठीला टेकून बसले होते.

"थांबवता येतंय का त्याला?" त्यांनी विचारलं.

मला खरं सांगावं लागलं. "चार दुव्यांना थांबता येत नाही, चाचा. टोकाला जरा रेंगाळतात आणि लगेच फिरतात. खरं थांबायला आणखी दोन लागतात."

चाचांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड आला. "आणखी दोन दुवा? एवढंच? मग मागू या की."

गंमत अशी की मधल्या पट्टीला एक कोपरा काढला, तर त्या कोपऱ्याचा बिंदू फिरताना हवेत एक बंद आकृती काढतो. लांबी बदलली की आकृती बदलते. त्या आकृतीचा एक तुकडा जर वर्तुळाची कमान असेल, तर कमानीच्या त्रिज्येएवढी पाचवी पट्टी त्या बिंदूला लावायची. बिंदू कमानीवरून जाईपर्यंत पट्टीचं दुसरं टोक जागचं हलत नाही. त्या टोकाला सहावी पट्टी, आणि सहाव्या पट्टीला पाळणा.

"हे घोडे फिरताना मधला खांब कुठं हलतो?" मी म्हणाले. "घोडा फिरतो, खांबाला पत्ता नसतो. तसंच."

"बरं," चाचा घोड्याच्या मानेवर थोपटत म्हणाले. "म्हंजे फिरणारा फिरतोय, आणि थांबलेल्याला वाटतंय समदं थांबलंय."

मग आमच्या आकृत्यांच्या दुपारी सुरू झाल्या. आणखी दोन रकाने वाढवले, बिंदू किती आडवा गेला आणि किती उभा. मी एखादी लांबी थोडी बदलायची आणि पडद्यावरची आकृती वळायची, पाण्यातल्या सावलीसारखी. कधी बदाम, कधी कैरी, कधी घेवड्याचा दाणा. चाचा त्यांना नावं ठेवत बसायचे.

"ह्यो रंकाळा. बघ, हितं संध्यामठ, हितनं वळसा."

"त्याला कमान नाही, चाचा."

"नसू दे. जरा वेळ ऱ्हाऊ दे तसाच."

मी राहू द्यायची. आम्ही दोघं पडद्यावरच्या त्या रंकाळ्याच्या काठावर बसून राहायचो. चाचा कधी जत्रांमधलं सांगायचे. आकाशपाळणा मध्येच बंद पडला की सगळ्यात वरच्या पेटीतली माणसं आधी ओरडतात आणि मग गप्प होतात, कारण तिथून गाव फार शांत दिसतं. एकदा मलिकाचाची तशा अडकल्या होत्या. चाचांनी घाईनं दुरुस्ती करून खाली आणलं, तर त्या म्हणाल्या, एवढी काय गडबड होती?

याच दिवसांत तहरीमला मुलगा झाला. शहजाद. पहिले काही दिवस बाळ आईच्या कुशीतच झोपायचं. चाळिसाव्या दिवशी पाळण्यात घालायचं ठरलं. चाचांनी पाचवी दुवा तहरीमकडे मागितली.

"माझी तुमाला मागायची काय गरज हाय, अब्बा?"

"मागितल्याबिगर पट्टी कापत न्हाय मी."

तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. सहावी शहजादची. पाळण्याला धरणारी पट्टी त्याचीच असायला हवी, असं चाचांचं म्हणणं. तो तेव्हा जांभई देत होता. चाचांनी तीच घेतली.

एके दुपारी पडद्यावर एक आकृती आली. एका बाजूला टोकदार, दुसऱ्या बाजूला भरलेली, कानाच्या पाळीसारखी. भरलेल्या बाजूवर मी वर्तुळ बसवून पाहिलं. कमान जवळजवळ बरोबर निघाली. लांबी जराशी हलवली, आणखी जवळ आली. मग पाळण्याच्या कोनाचा रकाना खाली ओढला. आकडे उतरत गेले, उतरत गेले आणि एका जागी तोच आकडा पुन्हा आला. त्याखाली पुन्हा तोच. त्याखालीही तोच.

चाचांनी बोट पडद्यावर टेकवलं. "बघतीया," म्हणाले.

चाळिसाव्या दिवशी पुढच्या खोलीत पाळणा सजवला होता. अंबूबाई झेंडूची माळ घेऊन आली होती, मेहक नवा फ्रॉक घालून उंबऱ्यावर बसली होती. बाळाला ठेवलं. तहरीम पलंगावर आडवी झाली; आदल्या रात्री बाळानं तिला झोपू दिलं नव्हतं. चाचांनी बटण दाबलं आणि दोन पावलं मागे सरकले.

पाळणा लांब गेला. परत आला, दोरी असायची त्या बाजूला. तिथं थांबला. कुणीतरी वाकून आत बघावं एवढाच वेळ. मग सुटला.

"आगं बया," अंबूबाईनं तोंडावर हात ठेवला. "मलिका गं."

मी पट्ट्यांकडे बघत होते. पाच दुवे आपापल्या वाटेनं फिरत होते आणि चाचींचा, सगळ्यांत पहिला धरलेला, कडीखाली स्थिर होता. पाळणा पुन्हा आला, थांबला, गेला. खोलीतला आवाज आपोआप कमी होत गेला. बाळाची मूठ सुटली.

पाळणा पुन्हा येऊन थांबला तेव्हा पलंगावरून, डोळे न उघडता, तहरीम म्हणाली, "सो गया, अम्मी."

पाळणा सुटला आणि पुन्हा बघायला परत आला. विश्वास नसल्यासारखा.

चाचा भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यांची मान हळूहळू छातीवर आली. पलीकडे शेडमध्ये घोडे होते, पुसलेले, डोळ्यांना नवा काळा रंग लावलेले. दसरा तोंडावर आला होता.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. मागोमाग चन्नाप्पांचा पहाडी आवाज शेडमधून आत घुसला, "ओ दिलदार! पाळणा तयार झाला काय?"

अंबूबाई धावत दारात गेली. "हळू की हो! झोपलंय."

"कोण झोपलंय?"

तिनं आत वळून पाळण्याकडे, मग भिंतीशी पेंगलेल्या चाचांकडे पाहिलं.

"दोघं बी," ती म्हणाली.